जयंत नारळीकर आणि त्यांच्या विज्ञानकथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२० मे २०२५ रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेले. तेव्हापासून त्यांची पुस्तकं पुन्हा शोधली जातायत आणि त्याबरोबर तेच ते प्रश्नही पुन्हा येतायत. कुणी शाळेत त्यांची एखादी कथा वाचलेली असते, कुणाला ‘ते बिग बँग न मानणारे’ एवढंच माहीत असतं, तर कुणाला त्यांचं नाव ज्योतिषावरच्या वादामुळे कळलेलं असतं. खाली उत्तरं दिली आहेत. काही कथांचे शेवट त्यात उघड झाले आहेत. कथा आधी वाचायची असेल तर ‘पानिपत’ आणि ‘धूमकेतू’चे प्रश्न सोडून पुढे जा.

नारळीकर आधी शास्त्रज्ञ की आधी लेखक?

शास्त्रज्ञ, यात वाद नको. पहिली विज्ञानकथा लिहिली तेव्हा १९७४ साल होतं आणि पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती. पण म्हणून त्यांचं कथालेखन ‘फावल्या वेळचा छंद’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं पटत नाही. दोन्ही कामांत एकच सवय दिसते. एक गृहीत धरायचं आणि ते आपल्याला जिथे नेईल तिथपर्यंत, मधे लबाडी न करता, जायचं. विश्वाबद्दलच्या शोधनिबंधात ते हेच करत होते आणि उजव्या सोंडेच्या गणपतीच्या कथेतही.

त्यांचं गाव कोणतं? कोल्हापूर की बनारस?

जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. वाढले मात्र बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. आई सुमती संस्कृतच्या जाणकार. शाळा हिंदी माध्यमाची, घरात मराठी, आणि वडिलांच्या कपाटात इंग्रजी पुस्तकं. मातृभाषेतून शिकण्याचा आग्रह त्यांनी पुढे आयुष्यभर धरला त्याची मुळं इथे आहेत.

घरातल्या भिंतीवर फळे लावलेले होते. एम. एस्सी. करायला मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यांच्याकडे राहायला आले. फळ्यावर ‘चॅलेंज प्रॉब्लेम फॉर जेव्हीएन’ (म्हणजे जयंत विष्णु नारळीकर) असं शीर्षक घालून ते एखादं गणित लिहून ठेवत. भाच्याला ते सुटेपर्यंत किंवा त्याने हात टेकेपर्यंत ते पुसलं जात नसे. येता-जाता, जेवायला बसताना, खेळून आल्यावर समोर तेच गणित. शाळेच्या पुस्तकात न सापडणारी, डोकं लावल्याशिवाय हलणार नाहीत अशी ही गणितं असत. शिकवण्याची ही पद्धत नारळीकर कधी विसरले नाहीत. त्यांच्या बऱ्याच कथांची ठेवण अशीच आहे, वाचकासमोर एक कोडं मांडून ठेवायचं आणि त्याला त्याच्याशी झगडू द्यायचं.

केंब्रिजमध्ये त्यांनी नेमकं काय केलं?

१९५७ मध्ये बनारसहून बी. एस्सी. होऊन ते केंब्रिजला गेले. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत १९५९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या वर्गातले पहिले. वडीलही तिथलेच रँग्लर, त्यामुळे घरच्यांना आनंद झाला असला तरी धक्का बसला नसावा. पुढे टायसन पदक, स्मिथ पारितोषिक, १९६३ मध्ये पीएच. डी. मार्गदर्शक खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल.

१९६४ मध्ये गुरू-शिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. एखाद्या वस्तूला जडत्व का असतं? तर विश्वातल्या बाकी सगळ्या पदार्थांमुळे, ही भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांची जुनी कल्पना. तिला या दोघांनी गणिताचा पाया दिला. रॉयल सोसायटीत तो वाचला गेला तेव्हा एका तरुण संशोधकाने उभं राहून हॉईल यांना हरकत घेतली. त्याचं नाव स्टीफन हॉकिंग. हॉकिंग आणि नारळीकर यांची त्याआधी एका उन्हाळी परिषदेत टेबल टेनिसची मॅच झाली होती आणि ती नारळीकरांनी जिंकली होती. हा किस्सा ते मुलाखतीत विचारल्यावर हसत सांगत.

या सिद्धान्तामुळे इकडच्या वर्तमानपत्रांत त्यांचं नाव गाजलं आणि १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण मिळालं.

विज्ञानकथेचं वेड हॉईल यांच्याकडून आलं का?

बरंचसं. हॉईल स्वतः विज्ञानकथा लिहीत. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ ची, म्हणजे नारळीकर केंब्रिजला पोचले त्याच वर्षीची. ताऱ्यांमधला एक प्रचंड ढग सूर्यापाशी येऊन ठाकतो, पृथ्वीवर अंधार होतो, आणि मग कळतं की तो ढग सजीव आहे, विचार करतो. यात शास्त्रज्ञ फळ्यावर आकडेमोड करतात आणि वाचकाला ती चक्क दाखवली जाते. विज्ञान हे कथेचं पडद्यामागचं नेपथ्य न ठेवता तिचा कणा करायचा, हे नारळीकरांनी इथून उचललं.

एक फरक मात्र आहे. हॉईलच्या कादंबरीत राजकारण्यांबद्दल चांगलाच तिरकसपणा आहे. नारळीकरांचा तिरकसपणा सौम्य, घरगुती, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच समाजाच्या वागण्यावर आहे.

पहिली कथा टोपणनावाने का पाठवली?

मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेत असे. १९७४ मध्ये अहमदाबादला एका परिसंवादात कुणाचंतरी भाषण रटाळ चाललेलं असताना नारळीकरांनी टिपणांसाठी मिळालेल्या कागदांवर कथा लिहायला घेतली. नाव ‘कृष्णविवर’. पण स्वतःच्या नावाने पाठवली तर परीक्षक नाव बघूनच बक्षीस देतील ही भीती. म्हणून आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं.

एवढ्यावर थांबले नाहीत. परिषदेतल्या मंडळींना त्यांचं अक्षर ओळखीचं होतं, तेव्हा कथा पत्नीच्या, मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहवून घेतली आणि मग पाठवली. पहिलं बक्षीस मिळालं आणि मग भांडं फुटलं. पुढे ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी कथा लिहा म्हणून पाठपुरावा केला आणि गाडी सुरू झाली.

हा किस्सा सगळीकडे गंमत म्हणून सांगितला जातो. मला तो त्यांच्या स्वभावाचा नमुना वाटतो. प्रयोग करायचा तर परीक्षकाला माहिती नको, ही काळजी त्यांनी स्वतःच्या कथेबाबतही घेतली. ज्योतिषाच्या चाचणीत हीच काळजी पुन्हा दिसते, त्याबद्दल पुढे.

मराठीतले ते पहिले विज्ञानकथाकार का?

नाही. त्यांच्या आधीही मराठीत विज्ञानकथा होत्या आणि त्यांच्या काळात बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर असे अनेकजण जोमाने लिहीत होते. माणसाच्या मनाच्या बाबतीत जावडेकर अधिक खोल जातात असं मी तरी म्हणेन. नारळीकरांमुळे झालं ते वेगळंच. जगभर नाव असलेला खगोलशास्त्रज्ञ मराठीत विज्ञानकथा लिहितोय म्हटल्यावर दिवाळी अंकांनी आणि समीक्षकांनी या प्रकाराकडे दुर्लक्ष करणं अवघड झालं.

साहित्यिकांनी त्यांना लेखक म्हणून मानलं का?

सुरुवातीलाच एक मोठी दाद मिळाली. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी भाषणात त्यांच्या विज्ञानकथांची दखल घेतली. दुर्गाबाई कुणाला उगाच चढवणाऱ्या नव्हत्या. २०१४ मध्ये ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या ९४ व्या संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्रकृतीमुळे त्यांना तिथे प्रत्यक्ष जाता आलं नाही. विज्ञानकथा लिहिणारा माणूस त्या खुर्चीसाठी निवडला गेला याचं कौतुक झालं, आणि अध्यक्षच हजर नाहीत म्हणून कुरकुरही झाली. संमेलन म्हटलं की कुरकूर आलीच.

बिग बँग चुकीचा आहे असं ते का म्हणत? शेवटी ते हरले ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर एका ओळीत देणाऱ्यांपासून सावध राहावं.

बिग बँग म्हणजे विश्वाची सुरुवात एका महास्फोटातून झाली ही कल्पना. तिच्या विरोधात १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉईल यांनी स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला. विश्व प्रसरण पावतं हे मान्य, पण त्याला आरंभाचा क्षण नाही. प्रसरणामुळे पडणारी रिकामी जागा नव्याने निर्माण होणारं द्रव्य भरून काढतं. ‘बिग बँग’ हे नावसुद्धा हॉईल यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या भाषणात वापरलं, ते विरोधी कल्पनेचं वर्णन करताना. १९६१ मध्ये मार्टिन राईल यांनी दूरच्या रेडिओस्रोतांची गणना करून स्थिर स्थितीचा सिद्धान्त खोटा ठरतो असं जाहीर केलं, तेव्हा हॉईलच्या बाजूने उत्तर देणाऱ्यांत विशी-बाविशीतले नारळीकर होते. मग १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सगळ्या आकाशातून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण (मायक्रोवेव्ह रेडिएशन) सापडलं. बिग बँगवाल्यांनी त्याचं भाकीत केलं होतं. बहुतेकांच्या दृष्टीने वाद तिथेच संपला.

नारळीकरांच्या दृष्टीने संपला नाही. १९९३ मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि त्यांनी मिळून जुन्या सिद्धान्तात मोठे फेरफार केले. या नव्या रूपात एकच महास्फोट नसून छोट्या छोट्या निर्मितीच्या घटना घडत राहतात आणि विश्व आळीपाळीने प्रसरण-आकुंचन करत सावकाश वाढत जातं. सूक्ष्मलहरींचं प्रारण कुठून आलं? ताऱ्यांचा प्रकाश लोखंडाच्या सुईसारख्या बारीक कणांनी शोषून पुन्हा बाहेर टाकला, त्यातून, असं त्यांचं उत्तर होतं. २००४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी एक खुलं पत्र प्रसिद्ध केलं. बिग बँगच्या विरोधात काम करणाऱ्यांना पैसा आणि दुर्बिणीचा वेळ मिळत नाही, ही त्यातली तक्रार. सही करणाऱ्यांत नारळीकर होते.

आज बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञ बिग बँगच मानतात आणि त्या प्रारणाची पुढची सगळी बारीक मोजमापं त्याच बाजूने झुकलेली आहेत. तेव्हा, हो, या वादात ते अल्पमतात राहिले आणि पुरावा त्यांच्या बाजूला सरकला नाही. हे लपवण्यात त्यांचा मान वाढत नाही. पण त्यांनी आपलं म्हणणं सतत आकड्यांत मांडलं, नियतकालिकांत छापलं, टीकेला उत्तरं दिली. शिवाय पुण्यात त्यांनी उभी केलेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था बिग बँगच्या चौकटीत काम करणाऱ्यांनी भरलेली होती आणि ती माणसं त्यांनीच घेतली होती. संचालकाशी मतभेद असलेला माणूस संस्थेत सुखाने नांदतोय, हे दृश्य आपल्याकडे किती ठिकाणी दिसतं?

नोबेल का मिळालं नाही?

त्यांच्या मुख्य सिद्धान्ताला निरीक्षणांचा दुजोरा मिळाला नाही, म्हणून. यात कटकारस्थान शोधू नये.

स्वतः रूढ मताविरुद्ध जाणारे नारळीकर ज्योतिषाला एवढा विरोध का करत?

विज्ञानाच्या आत राहून मतभेद असणं वेगळं आणि तपासणीच नाकारणं वेगळं, हा त्यांचा मुद्दा. ज्योतिषाला त्यांनी आधी तोंडी विरोध केलाच. २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा घाट घातला गेला तेव्हा जाहीरपणे केला. पण गाजली ती त्यांनी केलेली चाचणी.

सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि नरेंद्र दाभोलकर यांच्याबरोबर २००८ मध्ये हा प्रयोग झाला. शाळांमधून हुशार म्हणून निवडलेल्या १०० मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या शाळांतल्या १०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. कुंडल्या मांडल्या, सगळ्या एकत्र मिसळल्या. ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं की तुमच्याकडे ४० कुंडल्या येतील, त्यातली कुठली हुशार मुलाची आणि कुठली मतिमंद मुलाची, एवढंच सांगा. कुंडली कुणाची हे त्यांना माहीत नसणार. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली.

आता, नाणं उडवून उत्तरं दिली तरी सरासरी ४० पैकी २० बरोबर यायला हवीत. ज्योतिषात तथ्य आहे असं म्हणायला निदान २८ बरोबर यावीत, ही रेषा आधीच आखलेली होती. सगळ्यात चांगलं उत्तर २४ चं आलं. सगळ्यांची सरासरी ४६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नाण्यापेक्षा किंचित कमीच. एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या, तिची १०२ बरोबर. निष्कर्ष पुढच्या वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले.

मला यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट २८ हा आकडा वाटतो. निकाल लागण्याआधी ‘अमुक आलं तर मी मानीन’ असं लेखी ठरवणं ही गोष्ट वादावादी करणारी माणसं सहसा टाळतात, कुठल्याही बाजूची असोत.

‘धूमकेतू’ कथेत हाच विषय आहे ना?

हो, आणि त्यांच्या कथांमधला माझ्या मते सगळ्यात बोचरा शेवट या कथेचा आहे. दत्तादा हे निवृत्तीनंतर रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसणारे हौशी आकाशनिरीक्षक. दुर्बिणीचं नाव ‘दिव्यचक्षू’. पत्नी इंद्राणीदेवींना त्या दुर्बिणीचा राग, सवतीचा असावा तसा. एके रात्री दत्तादांना नवा धूमकेतू दिसतो, त्याला त्यांचं नाव दिलं जातं, सत्कार होतात. इंद्राणीदेवींना मात्र वाटतं की धूमकेतूशी आपल्या घराचं नाव जोडलं जाणं अशुभ.

मग शास्त्रज्ञांच्या लक्षात येतं की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आहे. केंब्रिजमध्ये गुप्त परिषद भरते, अणुस्फोटाने त्याची दिशा किंचित बदलायचं ठरतं. मोहीम फत्ते होते. दत्तादा घरी परततात ते या समाधानात, आणि त्यांना कळतं की त्यांच्या मागे घरात शांतीसाठी यज्ञ झाला, नातवाला त्यात बसवलं गेलं, आणि संकट टळल्याचं श्रेय घरच्यांनी त्या यज्ञाला देऊन टाकलंय. इथे कुणी खलनायक नाही. घरातली माणसं प्रेमळ आहेत, यज्ञ काळजीपोटीच केलाय. म्हणूनच दत्तादांपाशी भांडायलाही काही उरत नाही.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ एवढी गाजली कशामुळे?

पानिपत हा आपल्या मनातला सल आहे, हे पहिलं कारण. ‘विश्वासराव पडले नसते तर’ हा खेळ मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या खेळतोय. नारळीकरांनी तो गणितज्ञाच्या शिस्तीने खेळून दाखवला.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना अपघात होतो आणि ते वेगळ्याच हिंदुस्थानात वावरू लागतात. जिजामाता एक्स्प्रेसने पुण्याहून मुंबईला येतात तर मुंबई अजून इंग्रजांच्या ताब्यात आणि ईस्ट इंडिया कंपनी जिवंत. एशियाटिकच्या ग्रंथालयात ते इतिहासाची पुस्तकं उघडून बसतात. आपल्या माहितीचा इतिहास आणि हा इतिहास नेमका कुठे वेगळा झाला, ते पानापानाने मागे जात शोधतात. सापडतं ते पानिपतावर: विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निसटून गेलेली असते. एवढासा फरक. त्यावरून पुढचं सगळं बदललेलं.

मग आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी बघून त्यांना राहवत नाही. अध्यक्षीय भाषणांची सवय असलेले पंत सरळ जाऊन त्या खुर्चीत बसतात. या जगात मात्र सभांना अध्यक्ष नसतो, आणि लोक त्यांना अंडी-टोमॅटो मारून हाकलतात. आपल्याकडच्या सभासंमेलनांवर एवढी छान टपली दुसऱ्या विज्ञानकथेत मी वाचलेली नाही. परत आल्यावर त्यांच्या खिशात बखरीचं फाडलेलं एक पान असतं आणि राजेंद्र देशपांडे नावाचा शास्त्रज्ञ मित्र त्यांना पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) आणि ‘कॅटस्ट्रॉफी’ सिद्धान्ताच्या आधाराने एकाहून अधिक वास्तवांची शक्यता समजावतो.

ही कथा इंग्रजी रूपात एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात घेतली गेली, त्यामुळे मराठी न जाणणाऱ्या असंख्य मुलांनीही ती वाचली. विश्वासराव कोण हे केरळातल्या किंवा आसामातल्या मुलाला समजावताना तिथल्या शिक्षकांची काय तारांबळ उडाली असेल, हे बघायला आवडलं असतं.

कथांमधलं विज्ञान खरं असतं का?

पाया खरा असतो, वरचा एखादा मजला कल्पनेचा. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये मोबियसची पट्टी आहे. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवा, त्यावर उजव्या हाताच्या पंजाची आकृती काढून ती पट्टीवरून सरकवत नेली तर एका फेरीनंतर ती डाव्या पंजाची होते (आकृती कागदात मुरलेली धरायची, वरवर चिकटवलेली नव्हे). इथवर गणित. आपल्या तीन मितींच्या अवकाशालाच असा पीळ पडला तर? ही कल्पना. मग त्यातून जाऊन आलेल्या माणसाचं आणि मूर्तीचं डावं-उजवं उलटतं आणि कथेत क्रिकेटचा गोलंदाज येतो.

‘हिमप्रलय’मध्ये मुंबईत बर्फ पडतो. तापमान उणे चाळीसच्या आसपास गेलं की हवेतल्या बाष्पाचे बारीक स्फटिक होतात आणि ते ऊन परतवून लावतात, थंडी आणखी वाढते. ही कल्पना हॉईल यांनी हिमयुगांच्या संदर्भात गंभीरपणे मांडलेली होती. आज तापमानवाढीच्या काळात ही कथा वाचताना विचित्र वाटतं, तरी हवेत कण सोडून पृथ्वीचं तापमान बदलावं का, हा वाद शास्त्रज्ञांत सध्या चालूच आहे.

त्यांची पात्रं सपाट असतात असं म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. त्यांच्या कथांतले शास्त्रज्ञ भूमितीच्या आकृतीतल्या अ, ब, क बिंदूंसारखे आहेत. जागा पक्की, काम नेमकं, आणि बाकी काही विचारू नये. संवादांतून व्याख्यान डोकावतं. स्त्रिया बहुतेक वेळा चहा आणतात किंवा काळजी करतात. घरात गणितातली पीएच. डी. असलेली पत्नी असताना हे असं का व्हावं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. ‘पुत्रवती भव’मध्ये मुलगाच हवा या हव्यासाचं पुढे काय होतं हे दाखवतानाही त्यांचा भर परिणामांच्या हिशेबावर आहे.

पण ‘धूमकेतू’ आणि ‘पानिपत’ या दोन कथांत हे जमून गेलंय, कारण तिथे माणसाचा स्वभाव हाच प्रयोगाचा भाग आहे. पंतांना अध्यक्षपदाची खोड नसती तर कथा पुढे सरकलीच नसती.

प्राचीन भारतात सगळं होतंच, असं म्हणणाऱ्यांबद्दल त्यांचं मत काय होतं?

पुरावा दाखवा, एवढंच. आणि दुसऱ्यांना दाखवा म्हणून थांबले नाहीत, स्वतः शोधायला गेले. १०५४ मध्ये आकाशात एक तारा फुटला. चिन्यांनी त्याची नोंद ठेवली, दिवसाउजेडी दिसल्याचं लिहिलं. त्याचा अवशेष म्हणजे आजची खेकडा अभ्रिका (क्रॅब नेब्युला). आपल्याकडे कुणीच वर बघितलं नसेल का? संस्कृतच्या विदुषी सरोजा भाटे यांच्यासह त्यांनी जुन्या ग्रंथांत याचा शोध घेतला. निर्विवाद म्हणावी अशी नोंद मिळाली नाही आणि त्यांनी तसं छापून टाकलं.

गंमत म्हणजे ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीखाली पुरलेल्या प्राचीन, अतिप्रगत संस्कृतीची ठेव सापडते आणि तिच्यातल्या ज्ञानातून वामन नावाचा यंत्रमानव बनतो. कथेत त्यांना हे चालत होतं. इतिहास म्हणून चालत नव्हतं.

परग्रहावरच्या जीवांवर त्यांचा विश्वास होता का?

शोध घेण्यासारखी गोष्ट आहे, असं ते मानत. त्यासाठी हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करण्याचा प्रकल्प त्यांच्या पुढाकाराने झाला. २००९ मध्ये इस्रोने जाहीर केलं की त्यात जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या, आणि तीन जीवाणू अगदी नव्या जातींचे निघाले. एकाचं नाव हॉईलवरून ठेवलं, ‘जॅनिबॅक्टर हॉईली’, दुसऱ्याचं आर्यभटावरून, तिसऱ्याचं इस्रोवरून. ते पृथ्वीबाहेरून आले हे यातून सिद्ध होत नाही, असं त्या निवेदनातच म्हटलं होतं. बातम्यांच्या मथळ्यांत अर्थातच ते वाक्य गळालं.

केंब्रिज सोडून परत का आले?

१९७२ मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मुंबईला आले. त्याच वर्षी हॉईल यांनीही केंब्रिज सोडलं. परत यायचं हे मात्र त्यांच्या मनात आधीपासून होतं. १९८८ मध्ये यशपाल यांच्या पुढाकाराने विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यात ‘आयुका’ स्थापन केली आणि नारळीकर तिचे पहिले संचालक झाले, २००३ पर्यंत. इमारतीचा आराखडा वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा. गावोगावच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना येऊन काम करता यावं, ही तिची मूळ कल्पना आहे.

बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे: आत्मचरित्रातली चार नगरं ती हीच.

सही मागितली तर ते देत नसत, हे खरं का?

मुलांना देत नसत, पण रिकाम्या हातानेही पाठवत नसत. ‘मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही असेल’, असं सांगत. आणि खरंच उत्तर पाठवत. आयुकात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली तीही त्यांच्याच काळात. पुढे तिथेच मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. पु. ल. देशपांड्यांच्या नावाची देणगी त्यामागे आहे आणि इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’.

मंगला नारळीकर यांच्याबद्दल काही वाचायला मिळेल का?

अवश्य वाचा. माहेरच्या राजवाडे, विवाह १९६६. केंब्रिजला शिकवलं, तीन मुली वाढवल्या आणि मग संख्याशास्त्राशी गल्लत करू नये अशा संख्या-सिद्धान्तात, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांच्या अभ्यासात, पीएच. डी. केली. ‘गणिताच्या सोप्या वाटा’ हे त्यांचं पुस्तक गणिताची धास्ती असलेल्या घरात असावं. १७ जुलै २०२३ रोजी त्या गेल्या.

कुठून सुरुवात करावी?

कथांसाठी ‘यक्षांची देणगी’. हा पहिला संग्रह आहे आणि सुरुवातीचा ताजेपणा त्यात आहे. कादंबऱ्यांपैकी ‘वामन परत न आला’ आधी, मग ‘प्रेषित’, नंतर ‘व्हायरस’. कथा नको, निव्वळ खगोलशास्त्र हवं असेल तर राजहंसचं ‘आकाशाशी जडले नाते’.

आत्मचरित्र जाडजूड आहे. परिषदांच्या प्रवासवर्णनांची पानं भराभर उलटलीत तरी काही अडत नाही, बनारसचा भाग मात्र सावकाश वाचा. आठवी-नववीतल्या मुलाला एकच कथा द्यायची असेल तर ‘पानिपत’ द्यावी, आणि तो कागदाची पट्टी, डिंक घेऊन बसणारा असेल तर ‘उजव्या सोंडेचा गणपती’.